छप्पर सामाईक, पाणी मात्र गार!

सीमाप्रश्न, मराठी शाळा, मराठी पाट्या आणि महापालिकेचे राजकारण यांना वाहिलेल्या या पत्रिकेत आंघोळीच्या पाण्यावर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण राजकारण म्हणजे केवळ मोर्चे आणि निवडणुका नव्हेत. चार घरांनी एकत्र बसून एका सामाईक गोष्टीचा निर्णय घेणे आणि घेतलेला निर्णय पाळणे, हेही राजकारणच आहे. त्याची परीक्षा घरापासून सुरू होते. सध्या ती आपल्या घराच्या छपरावर येऊन ठेपली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले गाव. पावसाळ्यात चार महिने ओल, त्यामागून हिवाळ्याचा गारठा. गरम पाणी ही येथे चैन नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी परसातल्या न्हाणीत तांब्याचा बंब असे किंवा चुलाण्यावर हंडा असे. लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, भुसा, जे मिळेल ते त्यात जाई. त्या बंबाचे कौतुक आपण फार करतो. दिवाळीच्या पहाटेचे उटणे आणि बंबाचे कढत पाणी यांच्या आठवणी कोणाला नाहीत? परंतु तो बंब पेटवायला घरातली सून सर्वांच्या आधी उठत असे आणि त्याचा धूर तिच्याच डोळ्यांत जात असे, हे आठवणी सांगताना आपण सोयीस्करपणे विसरतो. म्हणून 'पुन्हा बंबाकडे चला' असे आम्ही म्हणणार नाही.

बंब गेला आणि त्याच्या जागी बादलीत सोडायचा रॉड आला, मग गिझर, आणि अलीकडे स्वस्त म्हणून गॅस गिझर. धूर गेला, पण खर्च आणि धोका यांनी रूप बदलले एवढेच. दोन्ही नीट समजून घेतले पाहिजेत.

प्रथम खर्चाचे पाहू. हिशेब शाळकरी आहे. २० लिटरची एक बादली पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर आणायला जवळजवळ अर्धे युनिट वीज लागते. गिझर कोणत्या कंपनीचा आहे याने यात फरक पडत नाही, कारण पाण्याला लागणारी उष्णता ठरलेलीच असते. पाच माणसांच्या घरात रोज एकेक बादली धरली, तरी महिन्याला ७० ते ७५ युनिट निव्वळ आंघोळीवर जातात. आठ माणसांच्या एकत्र कुटुंबात हाच आकडा ११० ते १२० होतो. दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच बंद करा म्हणून आपण मुलांवर दिवसभर ओरडतो, आणि घरातला मोठा खादाड मात्र न्हाणीघराच्या भिंतीवर निवांत टांगलेला असतो!

कोणी म्हणेल, आता वीज फुकट आहे, मग हा हिशेब कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून 'गृहज्योती' योजना सुरू झाली. २०२२-२३ या वर्षातला आपला सरासरी मासिक वापर आणि त्यावर १० टक्के, इतकी वीज मोफत. मात्र कमाल मर्यादा २०० युनिट. आपल्या वाट्याहून अधिक पण २०० च्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. २०० ची रेघ ओलांडली, की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरायचे. म्हणजे १९९ युनिट जाळणाऱ्याला आणि २०१ युनिट जाळणाऱ्याला मिळणाऱ्या कागदांत हजार-बाराशे रुपयांचे अंतर पडू शकते.

आता ही रेघ ओलांडणार कोण? नव्या वसाहतीतले तिघांचे कुटुंब नव्हे. ओलांडणार ते आपल्या जुन्या गल्ल्यांतले एकत्र कुटुंब, जिथे आजोबांच्या नावाचा एकच मीटर आहे, त्यावर दोन भाऊ, त्यांची मुले आणि वरच्या माडीवरची काकू अशी सगळी मंडळी आहेत. हिवाळा आला, गिझर दुप्पट वेळ चालला, की हेच घर मर्यादेबाहेर जाते. दोनशेपैकी सव्वाशे युनिट आंघोळीच्या पाण्यात गेले, तर बाकी संसाराला उरले किती? शिवाय मोफत वीज हा सरकारचा निर्णय आहे. आज आहे, उद्या बदलेल. सरकारे येतात-जातात. सूर्य उगवायचा थांबत नाही.

दुसरी गोष्ट धोक्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवणे म्हणजे घरात मृत्यूला जागा देणे होय. आम्ही हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. लहान, खिडकी नसलेल्या खोलीत गॅस जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी गुंगी येते, हातपाय गळतात, आणि कडी उघडायचेही त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातून अशी बातमी येते. कधी नवविवाहित जोडपे, कधी परीक्षेला बसलेला मुलगा. आपल्या जुन्या घरांतली न्हाणी बहुधा मागच्या बाजूला, चार बाय पाच फुटांची, वर एक झरोका असलेली. थंडी शिरते म्हणून तो झरोकाही आपण पुठ्ठा लावून बंद करतो! ज्यांच्याकडे गॅस गिझर आहे त्यांनी तो न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत हलवावा आणि गरम पाण्याचा फक्त नळ आत घ्यावा. हे काम एका प्लंबरचे आणि एका दिवसाचे आहे. या लेखातले बाकी काही पटले नाही तरी एवढे करावे, ही आमची हात जोडून विनंती आहे.

मग करावे काय? आमचे उत्तर सौर बंब, ज्याला सगळे नुसते 'सोलर' म्हणतात तो. यात नवे काही नाही. याच राज्यात बंगळूरच्या गच्च्यांवर सौर बंबांच्या रांगा कधीपासून दिसतात. २००७ नंतर कर्नाटकात ठरावीक आकारावरच्या नव्या घरांना सौर बंब बसवणे सक्तीचे झाले. म्हणूनच आपल्या शहराच्या नव्या वसाहतींत फिरताना प्रत्येक गच्चीवर टाकी दिसते. शहापूर, वडगाव, अनगोळ आणि शहराच्या जुन्या गल्ल्यांत मात्र ती क्वचित दिसते. नियम नव्या बांधकामाला होता. जुन्या घराला सक्ती कोणी केली नाही आणि जुन्या घराने आपणहून केले नाही. आपण, जे या गावात पिढ्यान् पिढ्या आहोत, ते या बाबतीत काल आलेल्यांच्या मागे राहिलो.

सौर बंबाचे गणित थोडक्यात असे. शंभर लिटरच्या यंत्रणेला सुमारे दोन चौरस मीटर, म्हणजे एका पलंगापेक्षा लहान जागा लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी पाणी ६० अंशांपर्यंत तापते. त्यात तितकेच गार पाणी मिसळले, की आंघोळीजोग्या दहा बादल्या होतात. पाच माणसांना हे पुरून उरते. दहा माणसांना दोनशे लिटरची टाकी हवी. वर्षातले आठ महिने उन्हाचे धरले, तर पाच माणसांच्या घराची पाचशेहून अधिक युनिट वीज वाचते. बिल भरणाऱ्याला युनिट सहा रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे वर्षाला तीन हजार रुपये वाचले. यंत्रणा वीस हजारांना पडली असे धरले, तरी सहा-सात वर्षांत पैसे फिटतात, आणि नीट राखली तर ती पंधरा वर्षे चालते.

विक्रेता जे सांगत नाही तेही आम्हीच सांगितले पाहिजे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्याचे दर्शन दुर्मीळ. त्या दिवसांत सोलरवर विसंबता येत नाही. टाकीत विजेची कॉइल किंवा खाली एक लहान गिझर हवाच. 'बारमाही गरम पाणी' असे छापलेल्या जाहिरातीवर आपल्या पावसात कोणी विश्वास ठेवू नये. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, त्यांच्या तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पॅनेलमध्ये क्षार साचून पाणी अडते. त्यांना काचेच्या नळ्यांची यंत्रणा अधिक बरी. पण काचेच्या नळ्या कोरड्या राहून उन्हात तापल्या आणि त्यांत एकदम गार पाणी शिरले, तर त्या तडकतात. जिथे नळाला पाणी दोन-चार दिवसांआड येते, तिथे वरची गार पाण्याची टाकी रिकामी होऊ न देणे हे पहिले पथ्य. ती टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर असली पाहिजे, नाहीतर पाणी आपोआप चढणार नाही. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे, आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन त्यावर शेजारच्या माडीची सावली पडता कामा नये.

इथवर वाचून बरेच जण मान डोलावतील. मग बसवत का नाहीत? पैसे नाहीत म्हणून? आपल्या गल्ल्यांत लग्नकार्याला, वास्तुशांतीला, गणेशोत्सवाच्या वर्गणीला पैसे कमी पडत नाहीत. माहिती नाही म्हणून? माहिती तर प्रत्येक दुकानदार देतो. खरे कारण आम्हाला वेगळेच दिसते, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. खरे कारण छप्पर हे आहे.

आपली घरे वडिलोपार्जित. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे, क्वचित पणजोबांचे नाव. खालच्या खोल्यांच्या वाटण्या तोंडी झाल्या. पुढची सोपा-माजघर थोरल्याची, मागचे स्वयंपाकघर धाकट्याचे, माडी मधल्याची. पण छप्पर कोणाचे, हे कधी ठरलेच नाही. एक भाऊ पुण्याला, एक मुंबईला, आत्याचा हिस्सा सोडला की नाही हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. अशा घरात धाकट्याने छपरावर टाकी ठेवायची म्हटले, की थोरल्याच्या मनात येते, 'आज टाकी ठेवली, उद्या खोली चढवील.' विरोध टाकीला नसतो, टाकीमागे येणाऱ्या हक्काला असतो. मग बोलणे नको, भांडण नको, म्हणून प्रत्येक जण आपापल्या न्हाणीत वेगळा गिझर लावतो, एकाच मीटरवर! छप्पर सामाईक राहते आणि पाणी गार राहते.

१९५६ पासून आपण न्यायासाठी एकजुटीच्या घोषणा देत आलो. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्या निकालाकडे आपले डोळे लागलेले आहेत. आठशे खेड्यांच्या हक्कावर आपण तावातावाने बोलतो, पण स्वतःच्या घराच्या दोन चौरस मीटर छपरावर चार भावांचे एकमत घडवू शकत नाही. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. पण जो समाज घरातला सामाईक प्रश्न कागदावर आणायला कचरतो, त्याच्या सामाईक मागणीला बाहेर वजन कसे येणार?

उपाय अवघड नाही. संपूर्ण वाटणीपत्राची वाट पाहू नका. ती होईल तेव्हा होईल. फक्त सौर बंबापुरता एक साधा करार लिहून काढा. त्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, टाकी छपराच्या कोणत्या भागात बसणार आणि त्याचा साधा नकाशा. दुसरी, खर्च कोणी किती केला. तिसरी, साफसफाई आणि दुरुस्ती कोणाकडे. चौथी, पुढे वाटणी किंवा पुनर्बांधणी झाली तर टाकी कोणी काढून न्यायची. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची: या यंत्रणेमुळे छपरावरचा कोणाचाही हक्क वाढत नाही आणि कोणाचाही कमी होत नाही. हे शेवटचे वाक्य लिहिले, की थोरल्याच्या मनातली अर्धी भीती जाते. खाली सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्या. परगावच्यांकडे पोस्टाने पाठवा, ते दिवाळीला किंवा गणपतीला येतीलच. गल्लीतल्या एखाद्या वकिलाने मजकुरावर नजर फिरवली तर उत्तमच.

आणखी एक अनुभवाचा सल्ला. दोन बिऱ्हाडांत मिळून दोनशे लिटरची एक टाकी घेण्यापेक्षा शंभराच्या दोन घ्या. थोडे पैसे जास्त पडतील, पण 'तुमच्याकडे सकाळी पाहुणे होते म्हणून आमचे पाणी संपले' हे रोजचे वाक्य टळेल. भावाभावांतला गोडवा दोन-चार हजारांपेक्षा महाग असतो.

जुन्या घराच्या कौलांवर टाकी ठेवायची घाई मात्र करू नका. दोनशे लिटरची भरलेली यंत्रणा चौकटीसह अडीच-तीनशे किलोच्या घरात जाते. शंभर वर्षांचे वासे तो भार पेलणार नाहीत. न्हाणीवरचा स्लॅब असेल तर तो, नाहीतर परसात ऊन मिळेल तिथे लोखंडी चौकट, हा मार्ग बरा. त्याने नळाचे अंतरही कमी होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे अंतर विशेष ध्यानात घ्यावे. चार मजले खाली येणाऱ्या पंधरा मीटर नळात जवळजवळ पाच लिटर पाणी गार झालेले असते आणि ते रोज मोरीत जाते. नळावर उष्णतारोधक वेष्टन घालून घ्या, आणि ते गार पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरा.

ज्यांना छप्पर नाहीच, भाडेकरू आहेत किंवा ज्यांच्या अंगणात ऊन येत नाही, त्यांनी निराश होऊ नये. टाकीचा गिझर घेताना पाच तारांचा घ्यावा. त्यात तापलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते. त्याचे बटण ५० अंशांच्या आसपास ठेवावे. कढत पाणी करून त्यात गार ओतणे हा तोट्याचा व्यवहार आहे. रात्रभर चालू ठेवू नये. मोठ्या कुटुंबाला आता उष्मा-पंप, म्हणजे हीट पंप, हाही पर्याय आहे. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे हे यंत्र साध्या गिझरच्या सुमारे एक तृतीयांश विजेत काम करते. मात्र त्याची किंमत आज जास्त आहे. बादलीतला रॉड, विशेषतः आयएसआय खूण नसलेला, घरात लहान मुले असताना वापरूच नये.

आता सरकारदरबारचे. सौर बंब असलेल्या घरांना वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला कमाल ५० रुपये, अशी सवलत कर्नाटकच्या वीजदर आदेशांत वर्षानुवर्षे नमूद होत आली आहे. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. यंत्रणा बसवली की पावती घेऊन उपविभाग कार्यालयात जा आणि चालू आदेशाप्रमाणे नोंद करून मागा. केंद्राची २०२४ ची 'पीएम सूर्यघर' योजना मात्र छपरावरच्या वीजनिर्मितीच्या पॅनेलसाठी आहे, सौर बंबासाठी नव्हे. त्या नावाखाली कोणी बंबाला अनुदान देतो म्हणून आगाऊ पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अर्ज कानडीत असतो, म्हणून पुष्कळ जण जात नाहीत. कानडी वाचता येणारा एक तरुण आज प्रत्येक घरात आहे. त्याच्याकडून अर्ज भरून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि अडवणूक झालीच, तर भारतीय राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कोणत्याही अधिकाऱ्याकडे तक्रार-निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. ते निवेदन मराठीत लिहा, पोच घ्या. भाषेचा हक्क व्यासपीठावर जितका गाजतो, तितकाच तो अशा लहान कागदांवर वापरला गेला पाहिजे. न वापरलेला हक्क गंजतो.

संघटनेकडे आणि गल्लोगल्लीच्या मंडळांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. सामाईक छपराच्या कराराचा मराठी नमुना छापून प्रत्येक घरात पोहोचवावा. थंडी सुरू होण्यापूर्वी मंडळाच्या तरुणांनी आपल्या गल्लीतले गॅस गिझर पाहून, आत बसवलेले बाहेर काढायला लावावेत. आणि दहा-पंधरा घरांची मागणी एकत्र करून विक्रेत्याकडून भाव व पाच वर्षांची देखभाल लेखी घ्यावी. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्यालाही या कामात जुंपावे.

मिरवणूक शिस्तीत काढणारी मंडळे हे काम सहज करू शकतील. मोठ्या प्रश्नाचा निकाल आपल्या हाती नाही, त्यासाठी लढत राहूच. छपराचा निकाल मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक गल्लीतल्या निदान एका सामाईक घराने चार सह्यांचा तो कागद पुरा करावा, आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. त्या घरांची संख्या या पत्रिकेत छापायला आम्हाला अभिमान वाटेल.